लेट्यूसची साठवण (बेळगाव सीमाभाग)

लेट्यूस ही सूर्यफुलाच्या कुळातली, कच्ची खाल्ली जाणारी पालेभाजी (शास्त्रीय नाव : लॅक्टुका सटायव्हा). पानांत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि काढणीनंतरही त्यांचे श्वसन चालूच राहते. त्यामुळे टवटवी टिकवायची तर तापमान आणि आर्द्रता दोन्ही सांभाळावी लागतात. एकावर भागत नाही.

गड्ड्याच्या लेट्यूसला ० अंश सेल्सिअस तापमान आणि ९५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रता उत्तम. तिथे चांगला माल तीन-चार आठवडे राहतो. ५ अंशांवर साधारण दोनच. सुट्या पानांचे वाण त्याहून नाजूक. मात्र उणे ०.२ अंशाच्या आसपास पान गोठू लागते. वितळल्यावर त्यावर पाणीदार, पारदर्शक डाग पडतात आणि तिथूनच कूज सुरू होते.

उन्हात तापलेला गड्डा शीतगृहात नेला म्हणून सुकायचा लगेच थांबत नाही. पानातल्या बाष्पाचा दाब भोवतालच्या गार हवेहून जास्त असल्याने पाणी बाहेर पडतच राहते. म्हणून पहाटेची काढणी आणि माल झटपट गार करणे यांना पर्याय नाही. मोठ्या व्यापारात त्यासाठी निर्वात शीतकरण करतात, म्हणजे बंद कक्षातली हवा खेचून, पानांतल्या थोड्या पाण्याची वाफ होऊ देऊन माल गार करतात.

बेळगाव शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथला हिवाळा या पिकाला मानवतो. पण जिल्ह्याची हवा एकसारखी नाही, आणि साठवणीचे सल्ले देताना हे हमखास विसरले जाते. खानापूर-कणकुंबीकडे पावसाळ्यात पानांवरचे पाणी वाळतच नाही. तिथे धोका मऊ कुजीचा, म्हणून माल निथळून भरावा. अथणीकडे उन्हाळ्याची झळ कोरडी. तिथे ओले गोणपाट आणि सावली हवी, नाहीतर पाने बघता बघता मान टाकतात.

बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला जाते. घाट उतरताच हवा दमट आणि उबदार होते. अशा हवेत गार क्रेट उघडला की पानांवर दव धरते. म्हणून क्रेट थेट हॉटेलच्या शीतखोलीतच उघडावा.

घरच्या फ्रिजमध्ये लेट्यूस भाजीच्या कप्प्यात, कोरड्या कापडात गुंडाळून, भोके असलेल्या पिशवीत ठेवावे. सफरचंद किंवा पिकलेली केळी शेजारी नकोत. त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पानाच्या मधल्या शिरेवर तांबूस ठिपके उठतात.