पाव किलो, पाव आणि पावला

गणपती पावला म्हणून कुणी आळीला पावभाजी घातली आणि तव्यावर पाव किलो लोणी सोडलं, हे वाक्य ऐकताना मराठी माणूस कुठेही अडखळत नाही. पण त्यातले तीन 'पाव' एकमेकांचे कुणी लागत नाहीत. दोन संस्कृतातले, तेही वेगवेगळ्या घरचे. तिसरा लॅटिनच्या वंशातला, पोर्तुगीजांबरोबर आलेला.

चौथाईचा पाव म्हणजे 'पाद'. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. हा हिशेब फार जुना. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात सगळी भूतं मिळून त्या पुरुषाचा एक पाद होतो, उरलेले तीन पाद स्वर्गात. तोच पाद वाण्याच्या तागडीत पावशेर झाला. मधला 'द' प्राकृतात गळाला आणि रिकाम्या जागी 'व' येऊन बसला. 'घात'चा 'घाव' झाला तोही असाच. स-पाद म्हणजे सव्वा, पाद-ऊन म्हणजे पाऊण: पाढे म्हणणाऱ्या पिढ्यांनी हा शब्द नकळत घोकला आहे. चार आण्यांची ती पावली. पंचवीस पैशांचं नाणं २०११ साली चलनातून गेलं, तरी एखाद्याला 'पावली कम' म्हणायचं काही सुटलेलं नाही.

देव पावतो तो 'प्राप्' धातूवरून. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'प'चा 'व' होतो, जसा दीपाचा दिवा, तापाचा ताव. मुळात अर्थ पोचणं, मिळणं. म्हणून पैसे पोचल्याचा कागद ती पावती, आणि माणूस निधनसुद्धा पावतो. हिंदीत याच घराण्यातलं 'पाना' आहे, पण तिथे पावणारा देव नाही. तिघांत मला हाच सगळ्यात अस्सल मराठी वाटतो.

आता खायचा पाव. लॅटिनमध्ये तो 'पानिस'. स्पॅनिशमध्ये 'पान', इटालियनमध्ये 'पाने'. पोर्तुगिजांनी मधला 'न' नाकात विरघळवला आणि 'पांव'च्या जवळ जाणारा उच्चार केला. मराठीने तो नाकातला सूरही सोडून दिला. १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेला, पुढे वसई-मुंबईही. पीठ आंबवायला यीस्ट कुठून आणणार? माडाची सूर, म्हणजे माडी, होतीच. गोव्यात पाव भाजणारा आणि सकाळी सायकलवर भोंगा वाजवत दारोदार विकणारा अजूनही 'पोदेर'च आहे, पोर्तुगीज 'पादेइरु'वरून. पुढे गोंयकारांनीच मुंबईत भट्ट्या घातल्या.

हेच पोर्तुगीज १५४३ साली जपानला पोचले. तिथेही पाव त्यांच्याच शब्दाने ओळखला जातो: 'पान'. आपल्याला चुना-कात आठवतो, जपान्याला न्याहारी.

याच 'पानिस'ची आणखी एक लेक आपल्याकडे आली, पण तिला कुणी ओळखलं नाही. एकत्र भाकरी खाणारा तो लॅटिनमध्ये 'कोंपानियो'. त्यावरून फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेली 'कंपनी'. पेशवाई बुडवणाऱ्या कंपनी सरकारच्या पोटात पावाचा तुकडा होता, हे मला कळलं तेव्हा हसावं की नाही ते सुचेना.

हा पाव आपल्याकडे सुखासुखी रुळला नाही. माडीने आंबवलेला, किरिस्तावाच्या हातचा. विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवल्याच्या गोष्टी गोव्यात आणि वसईकडे पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या किती खऱ्या हा वेगळा वाद, पण भीती खरी होती. पायाने कणीक तुडवतात म्हणून 'पाव', ही व्युत्पत्ती लोकांना इतकी पटली त्याला ती किळसही कारण असावी. बंगालीत 'पाउरुटी'बद्दल हीच कथा आहे, कारण तिथे 'पा' म्हणजे पाय. हिंदीत 'पाँव' आहे. मराठीत ती कथा कशी टिकली हे मात्र कोडंच. कणीक खरंच तुडवून नाव पडलं असतं, तर आपण लादीवाल्याकडे सहा पाय मागितले असते.