स्लीपिंग बॅग : आरंभीच्या ध्रुवीय मोहिमांतील

ध्रुवप्रदेशांतील बर्फावर दीर्घकाळ प्रवास करणाऱ्या मोहिमा झोपण्यासाठी कातड्याच्या किंवा लोकरी कापडाच्या बंदिस्त पिशव्या वापरीत. तंबू, स्टोव्ह आणि शिधा यांच्याबरोबर ही पिशवीही स्लेजगाडीवर लादून ओढावी लागत असल्यामुळे, ती निवडताना उबेइतकाच वजनाचा विचार होई. पिशवी कालांतराने किती ओली होईल, हा तिसरा प्रश्न मात्र अनेकांना बर्फावर पोहोचल्यावरच नीट उमगला.

आल्प्स पर्वतात फ्रान्सिस फॉक्स टकेट या इंग्रज गिर्यारोहकाने १८६१ च्या सुमारास तळाला रबरी कापड लावलेली ब्लँकेटची पिशवी वापरून पाहिली होती. ध्रुवीय थंडीत तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. तेथे रेनडिअरच्या कातड्याला पसंती मिळाली, कारण या प्राण्याच्या केसांत हवा कोंडलेली असते आणि त्यामुळे ऊब टिकते. १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडताना नॉर्वेजियन शोधक फ्रित्यॉफ नान्सेनने सहा जणांसाठी तिघे-तिघे मावतील अशा दोनच पिशव्या नेल्या. वजन वाचले आणि अंगाची ऊबही एकमेकांना मिळाली. कूस बदलणाऱ्याने शेजाऱ्यांची झोपमोड करायची, हा त्या सोयीचा मोबदला होता.

कातड्याच्या पिशवीचे खरे गुणदोष १९११ मध्ये अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात (तेथे तो जूनच्या सुमारास असतो) दिसले. ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉटच्या मोहिमेतील एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी २७ जूनला केप क्रोझियरकडे निघाले. वाटेत तापमान शून्याखाली सुमारे ६१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. श्वासातील वाफ आणि घाम पिशवीत मुरून गोठत असे, आणि काळोख्या हिवाळ्यात ती वाळवायला ऊन नव्हते. रात्री लाकडासारखी ताठ झालेली पिशवी अंगाच्या उबेने थोडी थोडी मऊ करीत, एकेक अवयव आत सरकवावा लागे. निघताना विल्सन व बॉवर्स यांच्या पिशव्या पिसांच्या अस्तरासह प्रत्येकी १७ पौंड, तर चेरी-गॅरार्डची १८ पौंड होती. परत आल्यावर त्यांचे वजन अनुक्रमे ४०, ३३ आणि ४५ पौंड भरले. वाढलेला सगळा भार बर्फाचा होता. बॉवर्सने आपले पिसांचे अस्तर बराच काळ न वापरता कोरडे राखले होते, हे त्याची पिशवी सर्वांत कमी जड झाल्याचे एक कारण असावे.

याच प्रवासात वादळाने त्यांचा तंबू उडवून नेला. तो नशिबाने उताराखाली सापडला. त्यानंतर बॉवर्स तंबूला बांधलेली दोरी स्वतःला अडकवून झोपू लागला. त्याच काळात दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या नॉर्वेच्या रोआल्ड आमुन्सेनच्या तंबूंना तळाचे कापड शिवूनच जोडलेले होते, ही व्यवस्था वाऱ्याच्या दृष्टीने अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. आमुन्सेनने १९०३ ते १९०५ या काळात उत्तर कॅनडातील नेत्सिलिक इन्युइट लोकांमध्ये राहून कातडी कपड्यांचा वापर जवळून पाहिला होता.

पिशवी उबदार असली तरी प्यायला पाणी मिळण्यासाठी बर्फ वितळवावाच लागे. स्वीडनमध्ये १८९२ मध्ये निघालेला, आणि पुढे महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांतही घरोघर फरफरणारा प्रायमस स्टोव्ह नान्सेनने १८९३ च्या मोहिमेत नेला. त्यावर बसवायच्या त्याच्या खास भांड्यात मधल्या पातेल्याभोवतीची वाया जाणारी उष्णता बाहेरच्या भांड्यातील बर्फ वितळवी, त्यामुळे रॉकेल वाचत असे.

१९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळ एन्ड्युरन्स जहाज बर्फात चिरडले गेले, तेव्हा मोहिमेचा नेता अर्नेस्ट शॅकल्टनकडे २८ माणसांसाठी कातड्याच्या पिशव्या अवघ्या १८ होत्या. उरलेल्यांच्या वाट्याला लोकरी पिशव्या आल्या. वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली, पण उबदार पिशव्या बहुतेक खलाशांनाच मिळाव्यात अशा बेताने ती केली गेली, असे सांगितले जाते.

पुढे पिसांचा वापर वाढला. गिर्यारोहक जॉर्ज फिंचने १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बलूनच्या कापडात आयडर बदकाची पिसे भरून केलेला कोट वापरला. पिसे कातड्याहून पुष्कळ हलकी असली तरी भिजली की गोळा होऊन ऊब देईनाशी होतात, म्हणून ती कोरडी राखण्याची चिंता पुढच्या मोहिमांनाही करावीच लागली.