तमिळनाडूतला हिंदी सक्तीला विरोध

तमिळनाडूतला हिंदीविरोध म्हणजे शाळा, सरकारी कारभार आणि नोकरभरतीत हिंदी लादण्याविरुद्ध १९३७ पासून चालत आलेली चळवळ. बाहेर बरेच लोक याला हिंदीद्वेष म्हणून मोकळे होतात, ते बरोबर नाही. दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा १९१८ पासून मद्रासमध्येच आहे आणि तिथे आपणहून हिंदी शिकणारे तमिळ लोक कायम होते, भांडण आहे ते सक्तीशी.

सुरुवात झाली मद्रास प्रांतातल्या राजाजींच्या (सी. राजगोपालाचारी) काँग्रेस सरकारपासून. त्यांनी १९३८ मध्ये १२५ शाळांत हिंदी कंपल्सरी केली आणि समाजसुधारक पेरियार, ब्राह्मणेतरांचा पक्ष असलेली जस्टिस पार्टी, तमिळ विद्वान असे सगळे रस्त्यावर उतरले. हजाराच्या वर लोक जेलमध्ये गेले, त्यात बायकासुद्धा होत्या. नटराजन आणि ताळमुत्तू हे दोन तरुण १९३९ मध्ये कैदेत असतानाच वारले, त्यांना आजही भाषेचे हुतात्मे मानतात. १९४० मध्ये सक्ती मागे घेतली गेली.

खरा भडका उडाला १९६५ ला. राज्यघटनेत इंग्रजीला १५ वर्षांची मुदत दिलेली होती, ती २६ जानेवारी १९६५ ला संपणार होती, म्हणजे त्यानंतर केंद्राचा कारभार आणि नोकरीच्या परीक्षा हिंदीत गेल्या तर तमिळ पोरांनी कुठे जायचं, ज्यांची मातृभाषाच हिंदी आहे त्यांच्याशी हिंदीत स्पर्धा करायची का, हा अगदी पोटापाण्याचा प्रश्न होता आणि म्हणूनच कॉलेजचे विद्यार्थी सगळ्यात पुढे होते. अण्णादुराईंच्या द्रमुकने तो प्रजासत्ताक दिन दुखवटा म्हणून पाळायचं ठरवलं. मदुराईत आदल्या दिवशीच हाणामारी झाली, पुढे गोळीबार झाले, काही तरुणांनी स्वतःला जाळून घेतलं. सरकारी आकड्यानुसार सत्तरच्या आसपास माणसं गेली. सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन या दोन केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले, तेव्हा कुठे पंतप्रधान शास्त्रींनी रेडिओवरून इंग्रजी चालू राहील असा शब्द दिला. विशेष म्हणजे १९३८ ला सक्ती करणारे राजाजी तोवर स्वतःच हिंदीच्या विरोधात उभे होते.

१९६७ च्या निवडणुकीत काँग्रेस गेली ती गेलीच, राज्यात परत तिचं सरकार आलं नाही. काँग्रेसचा कामराजांसारखा मोठा नेता, माजी मुख्यमंत्री, विरुदुनगरमध्ये आंदोलनातल्या एका विद्यार्थी नेत्याकडून हरला. त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन केंद्रात इंग्रजी पक्की झाली. याचा फायदा बंगाली, कन्नड, मराठी सगळ्यांनाच झाला, आणि आपल्याकडे ही गोष्ट फार कमी सांगितली जाते. १९६८ पासून तमिळनाडूच्या सरकारी शाळांत तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा आहेत, शाळेत तीन भाषा शिकवायचं केंद्राचं त्रिभाषा सूत्र त्यांनी घेतलंच नाही आणि त्यावरून केंद्राशी निधीचा वाद अलीकडेपर्यंत पेटलेला होता.

महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला आणि जूनअखेर रद्द करावा लागला, तेव्हा तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी इथल्या विरोधाचं जाहीर कौतुक केलं होतं.