पुराची मदत आणि आमिषाचा संशय : बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

२०१९, २०२१ आणि पुन्हा २०२४. पाच-सहा वर्षांत बेळगाव जिल्ह्याने तीनदा पूर पाहिला, आणि मध्येच २०२३ ला कर्नाटकातले २०० हून अधिक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढलं की पुणे-बंगळूर वाहतूक थांबते आणि बातमी सगळीकडे जाते. बळ्ळारी नाल्याचं पाणी मात्र शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात दिवसेंदिवस उभं राहतं, भाताचं रोप कुजतं, पुन्हा लावणी करावी लागते. ही बातमी स्थानिक पानापुरतीच राहते. पिकाची भरपाई उताऱ्यावर नाव असेल त्याला. लावणीला जाणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं, तिचे बुडालेले रोज पंचनाम्यात येत नाहीत. शिवाय अर्ज कन्नडमध्ये, म्हणजे तो भरून देणारा माणूस आधी शोधायचा.

अशा वेळी मठ, मशिदी, देवळं, चर्च सगळेच शिधा घेऊन धावतात. जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही नाही. तरी मदत त्यांच्या हातून आली की एक प्रश्न हमखास निघतो : हे कशासाठी, धर्मांतरासाठी तर नाही? हा प्रश्न आजचा नाही.

लंडनहून आलेल्या मिशनने बेळगावात काम सुरू केलं ते १८२० मध्ये. १९०४ मध्ये ते दुसऱ्या, अमेरिकी मूळ असलेल्या पंथाकडे गेलं. खानापूर भागातल्या कॅथलिक वस्त्यांचे धागे त्याहून जुने, थेट गोव्याशी जुळलेले, आणि १९५३ पर्यंत त्यांचा कारभारही गोव्याकडूनच चाले. पण लोकांच्या मनात बसलं ते १८७६ ते ७८ च्या दुष्काळाचं चित्र. बेळगाव, धारवाड, कलादगी (आजचा विजापूर-बागलकोट भाग) होरपळले. सरकारी कामावर खडी फोडली तरच मजुरी, तीही कापलेली. मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी मिशनऱ्यांनी अनाथ मुलं सांभाळली, धान्य वाटलं, आणि त्याच वर्षांत बाप्तिस्मेही वाढले. ‘पोटासाठी बाटले’ हे वाक्य तेव्हापासून चिकटलं ते आजतागायत सुटलेलं नाही. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्यांनी कोणत्या देवाकडे का पाहिलं, याचं उत्तर नुसत्या पोटात शोधणं मला त्यांच्यावर अन्यायाचं वाटतं.

निसर्गाबद्दलचा ख्रिस्ती विचार इथे बराच उशिरा पोहोचला. निसर्गाच्या नासाडीसाठी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या ‘पृथ्वी सत्तेखाली आणा’ या आज्ञेवर १९६७ मध्ये एका अमेरिकी इतिहासकाराने बोट ठेवलं. १९८९ मध्ये पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. २०१५ मध्ये रोमहून पोपचं, पृथ्वीच्या आणि गरिबांच्या आक्रोशाला एकत्र जोडणारं पत्र आलं, २०२३ मध्ये त्याची पुरवणी. आपल्याकडे मात्र ८ सप्टेंबरला मारियेच्या सणाला नवी कणसं अर्पण करण्याची कोकणी कॅथलिक रीत आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची हंगामाची उपकारस्तुती आधीपासूनच होती. ऑगस्टमध्ये शेत पाण्याखाली गेलं तर कणीस आणायचं कुठून, हा इथला हवामान बदलाचा धर्मप्रश्न.

आता वादाचा मुद्दा. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते २३ डिसेंबर २०२१ रोजी, बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधमध्ये. २०२१ च्या जुलैचा पूर ओसरून जेमतेम पाच महिने झाले होते. मे २०२२ मध्ये वटहुकूम निघाला, सप्टेंबरमध्ये विधान परिषदेनेही मंजुरी दिली. त्यातली ‘आमिषा’ची व्याख्या वाचावी अशी आहे : भेटवस्तू, रोख किंवा वस्तुरूपातला लाभ, नोकरी, धर्मसंस्थेच्या शाळेत मोफत शिक्षण, चांगलं राहणीमान. पूरग्रस्ताला काय काय लागतं याची यादी केली तर तीही जवळपास हीच होईल. तक्रार आईबाप, भाऊबहीण, नातलग यांच्याबरोबर सहकारीही करू शकतो. आमिष नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. स्त्रिया, अल्पवयीन मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत शिक्षा १० वर्षांपर्यंत. म्हणजे पुरात सर्वाधिक उघड्यावर पडणारे जे, त्यांनाच मदत करणं सर्वांत जोखमीचं.

कायद्याचे समर्थक म्हणतात, गुन्हा मदतीचा नाही, मदतीच्या बदल्यात धर्म मागण्याचा आहे. कागदावर ते खरं आहे, आणि अडलेल्या माणसाकडून श्रद्धा वसूल करणं वाईटच. पण नुसत्या तक्रारीनेही माणूस पोलीस ठाण्यात बसतो, आणि तांदळाची पोती उतरवणाऱ्या पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, आधी हीच धास्ती वाटते. आपत्तीतल्या मदतीला स्पष्ट सूट द्यायला हवी होती. ती या व्याख्येत नाही. १५ जून २०२३ रोजी नव्या मंत्रिमंडळाने कायदा रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला.

दुसरी गाठ १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची. त्यात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. जमातींना ही अट नाही, म्हणून सिद्दी जमातीचा माणूस कॅथलिक असला तरी त्याचा दर्जा शाबूत राहतो. घर पडल्यावर २०१९ मध्ये जाहीर झालेले ५ लाख रुपये जातीवर अवलंबून नव्हते. पण पुरानंतर उभं राहायला जे लागतं, म्हणजे अनुसूचित जातींसाठीची घरकुलं, बोअरवेल, जमीन खरेदीचं अनुदान, तिथे जातीचा दाखला आडवा येतो. एकाच ओळीतल्या दोन सारख्या पडक्या घरांना त्यामुळे दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात. २००७ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याच प्रश्नासाठी नवा आयोग नेमला.