निश्चयकाच्या पोटातलं पर्फेक्ट मॅचिंग

क्रेमरच्या पद्धतीमुळे २×२ चा निश्चयक, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीतून निघणारी एक संख्या, दहावीतच भेटतो. तोच मोठा करून उलगडला की एक शिस्त दिसते: प्रत्येक पदात दर ओळीतून एकच आणि दर स्तंभातून एकच घटक येतो. आता ओळी म्हणजे एका बाजूचे बिंदू, स्तंभ म्हणजे दुसऱ्या बाजूचे, आणि शून्य नसलेला घटक म्हणजे त्यांना जोडणारी कड असं धरा. मग शून्य न होणाऱ्या पदात सगळ्यांच्या जोड्या लागलेल्या असतात. कुणी सुटत नाही, कुणाला दोन जोडीदार नाहीत. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या अशा जाळ्याला ग्राफ म्हणतात, आणि ग्राफ थिअरीत अशा जोड्यांना पर्फेक्ट मॅचिंग.

असं मॅचिंग कधी असतं, या प्रश्नाकडे डेन्मार्कचे गणितज्ञ युलियस पेटरसन बीजगणितातूनच आले. प्रत्येक बिंदूवर तीन कडा असतील आणि कुठलीही एक कड काढून ग्राफ तुटत नसेल, तर पर्फेक्ट मॅचिंग असतंच, हे त्यांनी १८९१ मध्ये दाखवलं.

खरी गंमत पुढे आहे. ४×४ चा निश्चयक घ्या आणि वरच्या तीन ओळींचे पहिले दोन स्तंभ शून्यांनी भरा. तीन ओळींना मिळून दोनच स्तंभ उरले. तिसरीला जागा नाही, म्हणून झाडून सगळी पदं शून्य. बर्लिनच्या फ्रोबेनियस यांनी १९१७ मध्ये सिद्ध केलं की सगळी पदं शून्य व्हायला दुसरं कारणच नसतं: शून्यांचा असा एखादा ठोकळा सापडतोच, ज्याच्या ओळी आणि स्तंभ मिळून निश्चयकाच्या मापापेक्षा एक जास्त भरतात. इथे तीन अधिक दोन, पाच.

त्याआधी बुडापेस्टच्या देनेश क्योनिग यांनी फ्रोबेनियस यांच्याच एका जुन्या प्रमेयाची ग्राफ वापरून सोपी सिद्धता केली होती आणि ती त्यांना पाठवलीही होती. फ्रोबेनियस यांनी तिचा उल्लेख टाळला. उलट निश्चयकांसाठी ग्राफ हे फारसं कामाचं साधन नाही, असा शेरा मारला. क्योनिग यांनी तो मनात ठेवला असावा, कारण १९३६ च्या आपल्या पुस्तकात, म्हणजे ग्राफ थिअरीच्या पहिल्याच पाठ्यपुस्तकात, त्यांनी त्याला उत्तर दिलं. दरम्यान १९३५ मध्ये फिलिप हॉल यांनी तीच अट संचांच्या भाषेत मांडली: तिघांना मिळून दोनच कामं येत असतील तर वाटणी अडणारच, आणि अशी टंचाई कुठेच नसेल तर ती अडत नाही.

दोन बाजू नसलेल्या ग्राफमध्ये पर्फेक्ट मॅचिंग असण्याची अट गणितज्ञ टट यांनी १९४७ मध्ये दिली, तीही निश्चयकाचा भाऊबंद असलेला फाफियन वापरून. मॅचिंग झटपट शोधायची रीत एडमंड्स यांनी १९६५ मध्ये काढली.

पुढे आयआयटी मुंबईत शिकलेले केतन मुळमुळे यांनी उमेश व विजय वझिरानी या भावांसोबत १९८७ मध्ये कडांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी वजनं दिली. मग किमान निम्म्या वेळा सर्वांत हलकं मॅचिंग एकच उरतं, आणि मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या मांडणीचा, व्यस्त (इन्व्हर्स) काढला की त्याच्या कडा हाती येतात. ग्राफचं काम निश्चयक करू लागला. फ्रोबेनियस यांच्या शेऱ्याच्या बरोबर उलट दिशेने.