नॅरोगेज ओळखावी ती रुळाच्या उंचीवरून

बेळगावातून पंढरपूरला आगगाडीने जायचं तर पूर्वी मिरजेपर्यंत मीटरगेज आणि तिथून पुढे बार्शी लाईट रेल्वे, म्हणजे दोन रुळांत 762 मिलिमीटर अंतर (गेज) असलेली नॅरोगेज. गणपतीच्या देखाव्यात नाहीतर माडीवरच्या फळीवर या गाडीचं छोटं मॉडेल फिरवायची हौस इकडे बऱ्याच जणांना असते. रूळ कुठले घ्यायचे असं विचारलं की ठरलेला सल्ला मिळतो: ‘9 मिमी गेजचे घे, काम झालं.’

निम्मंच काम होतं.

1:87 या एचओ प्रमाणात 762 मिमीचे 8.76 मिमी होतात. बाजारात सहज मिळणारा एन गेजचा रूळ 9 मिमीचा असतो. पाव मिलिमीटरचा हा फरक कुणालाही दिसणार नाही. खटकतात ते स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या. एन गेज 1:160 च्या स्टँडर्डगेज (1435 मिमी) गाड्यांसाठी बनलेला, त्यामुळे त्याचे स्लीपर साधारण 4 मिमीवर येतात. आपल्याला हवे 7-8 मिमीवर. एकाआड एक स्लीपर कापून टाकला तर बरंच जमतं.

पण खरी गंमत रुळाच्या उंचीत आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. मॉडेलच्या रुळाची उंची ‘कोड’मध्ये सांगतात. कोड 80 म्हणजे इंचाचे 80 सहस्रांश, 2.03 मिमी. याला 87 ने गुणा: 177 मिमी! राजधानी धावते त्या मीटरला 60 किलोच्या रुळाची उंची 172 मिमी असते. ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने 1897 मध्ये सुरू केलेल्या बार्शी लाईटला यार्डाला 30 पौंडाचा, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलोचा रूळ होता. एका आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही असं त्याने ठरवलं होतं, म्हणून एवढा हलका रूळ पुरला. तशा रुळाची उंची 79 मिमीच्या आसपास. 1:87 मध्ये 0.9 मिमी, म्हणजे कोड 36.

मग तेवढाच बारीक रूळ का वापरत नाहीत? वाकेल म्हणून? मुळीच नाही. लांबी 87 पट कमी झाली की वजन 87 च्या घनाने, साडेसहा लाख पटींनी घटतं. 5 टनांचा आसभार साडेसात ग्रॅमवर येतो. वाकवणारा जोर (बल गुणिले अंतर) 87 च्या चौथ्या घाताने कमी होतो, रुळाच्या छेदाची वाकण्याला तोंड देण्याची ताकद मात्र घनानेच. म्हणून धातूवरचा ताण 87 पटींनी उतरतो. इंजिनात शिसं भरून वजन चौपट केलं तरी रुळाला त्याचं काही नाही.

अडतं ते चाकाच्या फ्लँजपाशी, म्हणजे चाकाला रुळावरून घसरू न देणाऱ्या आतल्या कडेपाशी. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीत एचओच्या नेहमीच्या चाकाची फ्लँज 0.64 मिमी खोल आहे. मोठ्या मापात ती 55 मिमी भरते. आपल्या ब्रॉडगेजच्या नव्या चाकाची असते 28-29. एवढी खोल का? कारण फळीचा उंचसखलपणा प्रमाणात लहान होत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात प्लायवूड फुगून सांध्यावर अर्धा मिमी वर आलं, की गाडीच्या लेखी ती 43 मिमीची पायरी. फ्लँज उथळ असेल तर चाक तिथेच उतरणार. आणि फ्लँज खोल ठेवली तर बारीक रुळावर ती खिळ्यांच्या डोक्यांवर खडखडत जाते.

‘हुबेहूब, म्युझियम दर्जाचा’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी भुलू नका, कॅलिपर लावा. पेको या ब्रिटिश कंपनीचा एन गेजमधला कोड 55 मुळात जास्त उंच रूळ आहे; खालचा भाग प्लास्टिकमध्ये गाडलेला असतो, त्यामुळे दिसायला बारीक आणि धरायला पक्का. ही मला आवडलेली लबाडी. निकेल सिल्व्हरच्या रुळात चांदी नसते, तांबं-निकेल-जस्त असतं. आणि इंजिन मध्येच थांबलं तर दृष्ट काढण्याआधी रूळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा.

जागा असेल तर माझं मत 1:48 ला. तिथे एचओच्या स्टँडर्डगेज गाड्यांचाच 16.5 मिमीचा गेज 792 मिमी भरतो, थोडा जास्त, पण कोड 70 चा रूळ 85 मिमी होतो, बार्शी लाईटच्या अगदी जवळ. जागा कमी असेल तर 1:87, कोड 55, स्लीपर विरळ केलेले. फक्त घेण्याआधी आपल्या इंजिनाची चाकं त्या रुळाच्या हातभर तुकड्यावर फिरवून बघा. जुन्या एन गेज चाकांच्या फ्लँज काही कोड 55 रुळांच्या खिळ्यांना घासतात.