‘फिरवा की’ आणि ‘घेऊन जा’

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात माझ्या मावशीचा जुना वाडा आहे. दोन वर्षांपूर्वी ओळखीतली दोन मुलं मेटल डिटेक्टर घेऊन दारात आली. ‘मावशी, परसात जरा मशीन फिरवू का?’ मावशी म्हणाली, ‘फिरवा की, फक्त तुळशीवृंदावनाला धक्का लावू नका.’ तासाभरात आडाच्या कठड्याशी, वीतभर खाली, गंजलेल्या डब्यात तांब्याचे पाव आणे निघाले. मुलं ते रुमालात बांधायला लागली. मावशी म्हणाली, ‘अरे, ते आमचे आहेत.’ मुलं म्हणाली, ‘तुम्हीच तर हो म्हणालात!’ त्या संध्याकाळपासून दोन घरांत बोलणं बंद आहे, आणि दोन्हीकडची माणसं सरळ आहेत.

मावशीनं हो म्हटलं ते परसात येण्याला आणि माती उकरण्याला. मुलांनी ऐकलं ते निघेल ते नेण्याबद्दल. ग्वाल्हेरात गंगाजळीच्या, म्हणजे शिंद्यांच्या दडवलेल्या खजिन्याच्या, गोष्टी ऐकतच आपण मोठे होतो, त्यामुळे पुरलेल्या धनाचा विषय निघाला की ‘शोधू द्याल का’ आणि ‘सापडलं तर कुणाचं’ हे दोन प्रश्न एकाच वाक्यात मिसळतात. त्यांची उत्तरं मात्र वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. पहिलं मालकाच्या तोंडी असतं, दुसरं १८७८च्या भारतीय निखात निधी अधिनियमात.

परवानगी ही नुसती मुभा असते. तिच्यामुळे दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवणं अतिक्रमण ठरत नाही, इतकंच. जमिनीत कसलाही हिस्सा मिळत नाही. ती देणारा खरोखर मालक हवा, आणि आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. वाड्यात राहणारा भाडेकरू मालक नसतो. शेत कसणारा बटाईदारही नसतो. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, भूमिस्वामी म्हणून कुणाचं नाव आहे ते बघावं. सामाईक वाडा असेल तर इथल्या काकांचा होकार पुण्यातल्या चुलतभावाला बांधून ठेवत नाही. देवळाच्या जमिनीवर पुजारीबुवांनी मान डोलावली म्हणून भागत नाही: मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अशा जमिनीचा मालक देव, पुजारी भूमिस्वामी नव्हे. किल्ल्यावर किंवा मोहम्मद गौसच्या मकबऱ्याच्या आवारात मशीन काढायचंच नाही; ती संरक्षित स्मारकं आहेत.

आता दुसरी गोष्ट. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, दडवलेली मौल्यवान वस्तू म्हणजे निखात निधी. म्हणजे वाड्याची भिंत, कोनाडा, फरशीखालची पोकळीही त्यात आली. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं की सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं: काय, अंदाजे किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. आणि ते जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचं, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. दहा रुपये १८७८ सालचे आहेत, पण आकडा तोच आहे. न कळवता ठेवून घेतलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लपवायला मदत करणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंत.

कळवल्यावर कलेक्टर जाहीर सूचना काढतो आणि चार ते सहा महिन्यांनी सुनावणी ठेवतो. तिथे पहिला प्रश्न असतो, हे शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलं होतं का? मावशीच्या डब्यात काही नाणी ग्वाल्हेरचे शिंदे राजे माधवराव यांच्या मुखवट्याची, संवत १९७०ची, म्हणजे १९१३च्या सुमाराची होती. पण दोनतीनांवर जिवाजीराव आणि संवत १९८६ होतं, म्हणजे १९२९. डबा त्यातल्या सगळ्यांत नव्या नाण्याच्या आधी पुरलेला असूच शकत नाही. म्हणजे तो शंभर वर्षांच्या आतला. अशा वेळी ‘आमच्या आजोबांनी ठेवला होता’ म्हणणाऱ्या घराला दिवाणी कोर्टात ते सिद्ध करायची संधी मिळते. मावशीला हे ठाऊक नव्हतं, मुलांना तर नव्हतंच. त्यांनी नाणी घासून लख्ख केली आणि डबा फेकून दिला. काय कुठे, कशात, कशाबरोबर निघालं हा पुरावाच गेला. पवायासारख्या ठिकाणच्या, म्हणजे जुन्या पद्मावती नगरीच्या जागेवरच्या, शेतात हे आणखी महागात पडतं. तिथली नाग राजांची इवलीशी तांब्याची नाणी कोणत्या थरात होती, यावरच त्या नगरीचा इतिहास वाचता येतो.

कुणाचाही जुना हक्क सिद्ध झाला नाही तर निधी बेवारस ठरतो. मग, आधी काही करार नसेल तर, तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. मालक दावा करायला आलाच नाही तर सगळं सापडणाऱ्याला. सरकारला हवं असेल तर वस्तूच्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन ते घेऊ शकतं. शंभरी ओलांडलेलं नाणं शिवाय पुरावशेष ठरतं, १९७२च्या कायद्यानं ते खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.

मुलं इंग्लंडचे व्हिडिओ बघून येतात आणि ‘अर्धं अर्धं’ म्हणतात. तिथे निधी ठरलेल्या वस्तूचं बक्षीस साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांत निम्मं वाटलं जातं; निधीत न मोडणारी वस्तू मुळात मालकाचीच असते. निधीची खबर चौदा दिवसांत कॉरोनर नावाच्या तिथल्या अधिकाऱ्याला द्यावी लागते. तो १९९६चा त्यांचा कायदा आहे.

आपल्या कायद्यात माझ्या मते सगळ्यांत उपयोगी शब्द आहे तो ‘करार’. शोधणारा आणि मालक यांच्यात आधीच करार असेल तर वाटणी त्याप्रमाणे होते. म्हणून मुलांनो, दारात उभं राहून दोन वाक्यं वेगवेगळी बोला: ‘काकू, परसात मशीन फिरवू का? खड्डा वीतभरच करू, बुजवून देऊ.’ त्याचं उत्तर मिळाल्यावर थांबा, आणि मग विचारा, ‘काही निघालं तर कलेक्टरांना दोघं मिळून कळवू, आपल्यात वाटणी कशी ठेवायची?’ दोन्ही उत्तरं साध्या कागदावर, तारीख आणि सह्यांसकट. काकूंनी पहिल्याला हो आणि दुसऱ्याला ‘सगळं आमचं’ म्हटलं, तरी तो त्यांचा अधिकार आहे. पटलं नाही तर मशीन उचलून परत या.

वाडा विकणाऱ्यांसाठी आणखी एक. विक्रीपत्रात जमिनीतल्या निधीवरचा हक्क विकणाऱ्यानं राखून ठेवला असेल, तर या कायद्यापुरता तोच जागेचा मालक धरला जातो, बिल्डर नाही. लश्करात दर महिन्याला एखादा वाडा पडतोय आणि हे वाक्य बहुतेकांच्या कागदात नसतं. मावशीच्या वाड्याचा सौदा सध्या चालू आहे. मसुदा अजून झालेला नाही, तेवढ्यात ते वाक्य त्यात जावं म्हणून मी तिच्या मागे लागलोय.